कोपराजवळची जागा

मला वाटायचं, प्रत्येकाच्या अंगावर अशी एखादी जागा असते. बेंबी सगळ्यांना असते, तशी. माझी डाव्या हाताला होती, कोपराच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला. तिथं मुंगी चालली तरी कळायचं नाही. डास बसला की तो पोट भरून उठेपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहायचे. एकदा बाभळीच्या काट्यानं टोचूनही पाहिलं होतं. दाबल्यासारखं व्हायचं, दुखायचं नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

तेव्हा मी अकराएक वर्षांची असेन. नाव संघमित्रा, घरी मित्रा. नुकताच चंद्रपूर जिल्ह्याचा तुकडा पडून गडचिरोली वेगळा झाला होता आणि आम्ही कुठल्या जिल्ह्यात राहतो हे मोठी माणसंसुद्धा चुकत होती. माझ्या कोपराजवळची ती जागा म्हणजे कुष्ठरोगाचा चट्टा होता. तो सापडला कसा, आणि त्यानंतर माझ्या आईचं काय झालं, ते सांगायला बसले आहे. आईचं यासाठी म्हणते, की आजार मला झाला होता पण घाबरली होती ती. मला तर बराचसा काळ मजाच वाटत होती. ज्याच्या घरात आज असा चट्टा निघाला असेल आणि जो दार लावून बसला असेल, त्यानं हे वाचावं एवढीच इच्छा आहे.

मी, नमुना

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. आमचं गाव मुलचेऱ्याच्या वाटेवर. भोवती धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, बांध्या संपल्या की जंगल. गावात तिला सगळे 'बाई' म्हणत. संध्याकाळी विहारात बायकांना सही करायला शिकवायची, कुणाच्या बाळंतपणात दवाखान्याच्या गाडीची वाट बघत बसायची, आणि हे सगळं करून रविवारी आणखी एक काम अंगावर घ्यायची. चट्टे तपासणारे सरकारी कर्मचारी सायकलवर आले की लोक मागच्या दारानं शेतात पळायचे. म्हणून ते यायच्या आधी आई त्या त्या गावात जाऊन बसायची आणि लोकांची भीती घालवायची.

ती दोन मराठी बोलायची. वर्गात पुस्तकातली, घरी आपली झाडीबोली. त्यामुळे ती घरात पुस्तकातलं बोलायला लागली की आम्ही ओळखायचो, काहीतरी बिनसलंय.

भीती घालवायची तिची रीत अशी. लोकांपुढे मला उभं करायचं, डोळे मिटायला लावायचे आणि मोराच्या पिसाचं टोक अंगाला लावायचं. लावताना म्हणायचं, "आता?" मी डोळे न उघडता बोटानं ती जागा दाखवायची. मनगट, कोपर, खांदा, गाल, मान, गुडघा. गालाला पीस लागलं की मी नाक मुरडायचे आणि बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. मग आई म्हणायची, "पाहा, एवढंच आहे. जिथं पीस कळणार नाही, तिथं फक्त डॉक्टरला दाखवायचं." हसलेल्या बायका मग पोरांना पुढे ढकलायच्या.

मी या कामात तरबेज होते. किती गावांत उभी राहिले असेन, आठवत नाही. नव्या फ्रॉकपेक्षाही मला या गोष्टीचा जास्त तोरा होता. आणि इथंच सगळी गडबड झाली. आईचा क्रम कधी बदलत नसे. तिनं "आता?" म्हटलं की माझं बोट आपोआप पुढच्या जागेवर जायचं. पीस लागलं की नाही याचा विचार करायची वेळच येत नसे. कोपराची पाळी आली की मी कोपर दाखवायचे, आई खांद्याकडे वळायची. ती माझ्यावर दाखवायची, मला तपासायची नाही. साऱ्या तालुक्याची पोरं तपासून घेणाऱ्या बाईची स्वतःची पोर तेवढी राहून गेली होती.

चट्टा दिसत नव्हता का? दिसत असेल की. पण माझं कोपर कायम मळलेलं. आई आंघोळीच्या वेळी ओरडायची, "कोपर घासत जाय ना वो, खापरावानी झालं हाय." आणि स्वतः दगडानं घासून द्यायची.

ठाकुमाच्या हातात पीस

पुढच्या रानाला लागून बंगाली निर्वासितांची वस्ती होती, सरकारनं आणून वसवलेली. तिथं एका रविवारी आम्ही गेलो. आमच्यासोबत पार्वताबाई होती. तळ्यावर मासे धरणाऱ्यांच्या घरची, गड्यासारखी ताठ चालणारी. तिच्या पोरीच्या, कांताच्या गालावर वर्षभरापूर्वी चट्टा निघाला होता. तेव्हा पार्वताबाई पोरीला घरात कोंडून बसली होती आणि आईनं दारावर थापा मारमारून तिला बाहेर काढलं होतं. कांता गोळ्या खाऊन बरी झाली आणि पार्वताबाई आईची सावली झाली.

अंगणात बायका जमल्या. मी डोळे मिटले. मनगटापर्यंत झालं तोच एक म्हातारी उठली. तिला सगळे ठाकुमा म्हणत, म्हणजे आजी. तिनं आईच्या हातातून पीस काढून घेतलं.

"तुम सिखाके लाया इसको," ती म्हणाली. "हम करेगा."

बायका हसल्या. मीही हसले, डोळे न उघडता. मग मी वाट बघत राहिले. ठाकुमा "आता?" म्हणणार नव्हती, तिला कुठे मराठी येत होती. मला कोंबड्याची बांग ऐकू आली, बोरिंगच्या हातपंपाचा दांडा करकरताना ऐकू आला. म्हातारी पीस कधी लावणार, कुठे लावणार, याची मला खरोखरच उत्सुकता लागली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच खेळ खरा झाला होता.

"ऐ, बोलती क्यों नहीं?"

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग ते हसणं थांबलं. मी डोळे उघडले. पिसाचं टोक माझ्या कोपराखाली फिरत होतं, वर, खाली, परत वर. मला ते फक्त दिसत होतं. मी मान वर करून आईकडे पाहिलं. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"हिचं लक्ष नव्हतं," आई म्हणाली. पीस तिनं काढून घेतलं, गाल, मान, गुडघा भराभर उरकलं.

परतताना पार्वताबाई पुढे चालत राहिली. नाल्याजवळ आईनं मला दगडावर बसवलं, कोपर पाण्यानं धुतलं आणि डोळे मिटायला सांगितलं. या वेळी ती "आता?" म्हणाली नाही. मी डोळे मिटून बसले. बराच वेळ गेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही, बाळ. चल."

बाळ ती मला कधीच म्हणत नसे.

चंद्रपूर

या आजाराच्या गोळ्या जवळच्या दवाखान्यातही मिळायच्या. सायकलवाले कर्मचारी तर आमच्याकडे जेवायचेच. तरी आई मला एसटीत घालून चंद्रपूरला घेऊन गेली, तिथं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. आष्टीचा पूल, मग गोंडपिपरी, मग बल्लारपूर. बल्लारपूरला कागदाच्या कारखान्याचा वास खिडकीतून यायचा, आणि तो यायच्या आधी कोण नाक दाबतं हा माझा एकटीचाच खेळ होता. बाबा तिथंच नोकरीला होते, खोली करून राहायचे, सुट्टी मिळेल तसे गावी यायचे. ते स्टँडवर आलुबोंड्याचा पुडा घेऊन उभे होते. बसमध्ये आमच्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "कोनाले सांगू नको. उद्या पोरीचं लगन कराचं हाय."

मी आलुबोंडा खात होते. माझ्या लग्नाचा विषय एवढ्या गंभीरपणे निघाला म्हणून मला हसू येत होतं.

दवाखान्यात लांब बाकं होती. पायाला पट्ट्या बांधलेली माणसं, एक तान्हं घेतलेली बाई, घड्याळ दुरुस्त करतो असं सांगणारा एक तरुण. अशा ठिकाणी आई एरवी पाच मिनिटांत सगळ्यांची चौकशी करून मोकळी झाली असती. त्या दिवशी ती डोक्यावरून पदर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. आई डोक्यावरून पदर घेत नसे. ही नवीनच बाई कोण, असं मला वाटलं.

डॉक्टरीणबाई मात्र मजेशीर होत्या. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि निळ्या पेनानं हातावर ठिपके देत गेल्या. जिथं कळेना तिथपर्यंत रेघ ओढली. डोळे उघडले तर हातावर नकाशा. "गडचिरोली जिल्हा!" मी ओरडले, कारण तेव्हा वर्गात आई आम्हाला तोच शिकवत होती. डॉक्टरीणबाई हसल्या. मग बोटांतला जोर पाहायला त्यांनी माझ्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात कागदाचा कपटा धरायला लावला आणि ओढला. मी सोडला नाही.

"वेळेवर आणलंत. हात शाबूत आहे, शाबूत राहील. गोळ्या नेमानं द्या. हिच्यापासून कुणाला काही होणार नाही."

"खरंच बरी होईल ना?" आईनं विचारलं.

मला नवल वाटलं. याचं उत्तर तर ती गावोगाव सांगत फिरायची, मला ते पाठ होतं. मी तिला सांगणारच होते, पण ती रडत होती.

लाल

घरी आल्यावर आईनं माझे कपडे वेगळे धुतले. दुसऱ्या दिवशी स्वतःवरच चिडून सगळे एका बादलीत कोंबले. माझं ताट वेगळं कधी केलं नाही. रोज सकाळी ती मला छोटी पांढरी गोळी द्यायची आणि कागदाचा कपटा बोटांत धरायला लावायची. कधी कधी मी मुद्दाम तिला तो काढू देत नसे. ओढाओढीत कपटा फाटायचा, तेव्हा ती खुश व्हायची.

महिन्याची मोठी गोळी चंद्रपूरला, डॉक्टरसमोर. ती घेतली की लघवी लाल होते, घाबरू नको, असं आईनं मला तीनतीनदा सांगितलं. घाबरायचं कशाला? मी तर वाट बघत होते. झाली तेव्हा एवढी भारी वाटली की मी शेजारच्या कांताला हाक मारून गोठ्यामागे नेलं आणि दाखवली.

"माही बी झालती," कांता शांतपणे म्हणाली. माझा सगळा तोरा उतरला.

म्हणजे जी गोष्ट लपवायला आई थेट चंद्रपूरपर्यंत जात होती, ती मी पहिल्याच महिन्यात गोठ्यामागे उघड केली.

पण मला टोचत होतं ते दुसरंच. रविवार आला की आई मला घरी ठेवून जायला लागली. नमुन्याला कुणीच नाही, नुसतं तोंडी सांगायचं. त्यानं काम होईना. बायका ऐकून उठून जायच्या. मग आईनं एक दिवस ठरवलं, की वस्तीवर परत जायचं आणि कांताला उभं करायचं. कांताला! तिला तर नाक मुरडताही येत नव्हतं. मी त्या दिवशी जेवले नाही. आईला वाटलं, गोळीनं मळमळतंय.

कांता येणार नाही

शनिवारी दुपारी आई तांदूळ निवडत होती. पार्वताबाई कांताचा हात धरून दारात आली.

"बाई, उद्या कांता येनार नाई."

"काऊन? बरं नाई का तिले?"

"बरं हाय. पन तुमची पोर असताना माही काऊन?"

"मित्राची परीक्षा जवळ आली आहे," आई म्हणाली. पुस्तकातली मराठी.

"कोनती परीक्षा हाय थे मले माहीत हाय, बाई." पार्वताबाई उंबऱ्यावर बसली. आवाज चढवला नाही तिनं. "कांताले चट्टा निंगाला तवा मी दार लावून बसलती. तुमी थापा देत राह्यल्या. म्हनल्या, तुमी लपवलं त लोक भेतेत, सांगतलं त भेत नाई. मंग माह्या पोरीले पहिल्या बाकावर बसवलं. आता तुमची पोर कुठी बसन?"

आई सुपातले तांदूळ इकडून तिकडे करत राहिली. कांतानं माझ्याकडे बघून ओठांनीच विचारलं, लाल? मी मान डोलावली.

"भेव लागते वो, पार्वता," आई म्हणाली. घरातली मराठी. बाई न लावता तिला पार्वता म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"मले बी लागे," पार्वताबाई म्हणाली, आणि सूप आपल्याकडे ओढून खडे काढायला लागली.

त्या गेल्यावर आईनं मला विचारलं, "तुले उभी राहाचं हाय का? नाई म्हनशीन त चालते."

तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं. त्यात धीर वगैरे काही नव्हता. मला माझी जागा परत पाहिजे होती.

"क्रम इसर. लागन तवाच दाखवजो," ती म्हणाली. "नाई लागलं त उगी राह्यजो."

तेच अंगण

ठाकुमा सगळ्यांत पुढे बसली होती. आई या वेळी वर्गातली मराठी बोलली नाही.

"आता?" मी मनगट दाखवलं.

"आता?" माझा उजवा हात सवयीनं अर्धा वर गेला. तो मी खाली घेतला. पीस कोपराजवळ आहे हे मला पक्कं माहीत होतं आणि तरी गप्प उभं राहायचं, हे फार अवघड होतं.

"आता?" आईनं परत विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

"हे माही पोरगी हाय," आई म्हणाली. "इथी तिले चट्टा हाय. मी गावोगाव पीस घेऊन फिरून राह्यली, अन् माह्याच घरचा मले दिसला नाई. तुमच्या ठाकुमाले दिसला. गोळ्या चालू हायेत. ते माह्या ताटात जेवते, माह्याजवळ निजते. तिचा हात पाहा."

मी डोळे उघडले. दोन बायका पोरांना घेऊन उठून गेल्या होत्या, त्यांच्या पाठी मला दिसल्या. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत, हेही सांगायला हवं. गावातही एका घरानं आम्हाला दूध घालणं बंद केलं. बाबांना कळलं तेव्हा ते सुट्टी असून गावी आले नाहीत, आणि पुढच्या फेरीला बल्लारपूरच्या स्टँडवर दिसेपर्यंत आई खिडकीबाहेर मान काढून बसली होती. दिसले. हातात पुडा होता.

पण त्या अंगणात ठाकुमा उठली. तिनं माझा हात डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "देखा? हमने पकड़ा!"

सगळं अंगण हसलं. पार्वताबाई तर इतकी हसली की तिला ठसका लागला. मग ठाकुमानं स्वतःचा सुरकुतलेला हात पुढे केला आणि डोळे घट्ट मिटून बसली. तिला काही निघालं नाही. तिच्यामागे मात्र बायका आपणहून सरकत आल्या, आणि आईनं मला पीस दिलं. मीच लावायला लागले.

आता?

गोळ्या संपल्या. चट्ट्याचा रंग कातडीत मिसळून गेला. हाताला काही झालं नाही. ती जागा थोडी जागी झाली, थोडी तशीच राहिली. अजून तिथं डास बसला तर मी बघत राहते. लग्न ठरायच्या वेळी पाहुण्यांपुढे चहा ठेवून आईनं आधी माझं कोपर दाखवलं, मग मला. ते लोक उठून गेले नाहीत. त्यांच्याच घरात मी आज आहे.

आई निवृत्त झाल्यावरही पीस घेऊन फिरत राहिली. तिच्या हातून किती पोरं वेळेवर दवाखान्यात पोचली ते तिनं कधी मोजलं नाही. शेवटच्या वर्षी ती माझ्याकडे चंद्रपूरला होती. अर्धांगवायूनं तिची डावी बाजू गेली. बोलणं अडखळत होतं, पण डोकं साफ होतं. बाबा तेव्हा नव्हते. मी तिला भरवायचे, कूस बदलून द्यायचे, आणि मनातून सारखी धास्तावलेली असायचे. डॉक्टर म्हणाले, हातात जोर परत येईल किंवा येणारही नाही, बघू.

एका सकाळी तिनं आपल्या पिशवीकडे बोट केलं. मी पीस काढलं. तिनं डोळे मिटले.

मी डाव्या मनगटाला लावलं. "आता?"

काहीच नाही. मी कोपराला लावलं. "आता?"

क्रम तिचाच होता. उजवा हात उचलून कोपर दाखवणं तिला काही अवघड नव्हतं, मी केव्हाची मनात तेच मागत होते. एकदा नुसतं बोट जाऊ दे, खोटं का होईना. ती उगी राहिली. मग डोळे उघडून तिनं त्या हातावरच्या पिसाकडे पाहिलं, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं, बराच वेळ.

"तुले बी असंच वाटे का वो, लहानपनी?" तिनं विचारलं.

"असंच, आई."

"दुखे नाई?"

"नाई. काईच नाई."

"मंग मी उगीच इतकी भेली," ती म्हणाली. अर्ध्या तोंडानं हसली, परत डोळे मिटले आणि म्हणाली, "आता गालाले लाव."

मी गालाला पीस लावलं, आणि आईनं नाक मुरडलं.